सूतगिरणीतून वैद्यकशाळेकडे



ज्या मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना थोरांची चरित्रे वाचण्याचा आणि वर्गात वाचून दाखविण्याचा केवढा नाद होता, हे त्यांच्या हाताखालून गेलेल्यांना सांगावयास नको. त्यांच्या स्मृतीस साजेल असा, चरित्रांच्याच वाटेने जाणारा एक विषय मी आज निवडला आहे. पोटासाठी नोकरी करणारा, समवयस्कांच्या मागे पडलेला माणूस वैद्यकाच्या शिक्षणाची तयारी कशी करीत आला, आणि त्या तयारीला फळ केव्हा आले व केव्हा आले नाही, हा तो विषय होय.

अशा माणसाची कथा सांगताना आपल्याकडे सारा भर त्याच्या जिद्दीवर असतो. रस्त्यावरच्या दिव्याखालचा अभ्यास, अर्धपोटी काढलेले दिवस आणि अखेर पदवी, अशी ती कथा ठरून गेलेली आहे. जिद्द खोटी असते असे मी म्हणणार नाही. परंतु जिद्दीच्या माणसाला आत शिरावयास दार कोठे होते, ते कोणी उघडे ठेवले होते आणि पुढे ते का लागले, या गोष्टी चरित्रकार बहुधा दोन ओळींत उरकतात. मला आज त्या दोन ओळींत अधिक थांबावयाचे आहे.

इंदूर हे गिरण्यांचे गाव. मालवा मिल, हुकुमचंद मिल ही नावे येथे आजही चौकांच्या आणि वस्त्यांच्या तोंडी आहेत. १९९१ साली हुकुमचंद मिल बंद पडली, तोवर भोंग्यावर घड्याळ लावणारी घरे या सभागृहातील पुष्कळांनी पाहिली असतील. तेव्हा स्कॉटलंडमधील ब्लँटायर गावच्या सूतगिरणीची हकीकत आपणांस परकी वाटण्याचे कारण नाही.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन याचा जन्म या गावी, गिरणी कामगारांच्या चाळीतील एका खोलीच्या बिऱ्हाडात १९ मार्च १८१३ रोजी झाला. दहाव्या वर्षी तो गिरणीत लागला. सूत कातणाऱ्या यंत्रावर धागा तुटला की तो चटकन सांधावयाचा, हे त्याचे काम. वेळ सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत; मध्ये न्याहारीची आणि जेवणाची सुटी. पहिल्या आठवड्याच्या मजुरीतील काही पैशांतून त्याने लॅटिन व्याकरणाचे पुस्तक विकत घेतले. रात्री आठ ते दहा गिरणीमालकांनी चालविलेली शाळा भरे, तेथे तो लॅटिन शिके. त्यानंतर घरी बारापर्यंत वाचन चाले. आई उठून पुस्तक काढून घेई तेव्हाच ते थांबे. गिरणीत तो पुस्तक यंत्राच्या चौकटीवर टेकवून ठेवी आणि येता जाता एकेक वाक्य टिपून घेई. भोवतालच्या खडखडाटात मन एकाग्र करण्याची सवय तेथे लागली आणि ती आफ्रिकेत उपयोगी पडली, असे त्याने पुढे लिहून ठेविले आहे.

येथपर्यंतचा भाग सर्वांच्या परिचयाचा आहे. आता दार कोठे होते ते पाहू. एकोणिसाव्या वर्षी त्याला बढती मिळून तो सूत कातणारा कारागीर झाला. काम अधिक कष्टाचे, परंतु मजुरी बरी. त्या मजुरीतून त्याने पैसा साठविला. धर्मप्रसारकाबरोबर वैद्यही हवा, असे आवाहन त्या सुमारास चीनमधून आले होते. ते वाचून त्याने वैद्यक शिकण्याचे ठरविले. १८३६ च्या हिवाळ्यात बर्फातून चालत वडिलांसह तो आठ मैलांवरच्या ग्लासगोला गेला. हातात भाड्याच्या खोल्यांची एक यादी होती. दिवसभर हिंडून आठवड्याला दोन शिलिंग भाड्याची खोली मिळाली. पुढे तेथे चहासाखर चोरीस जाऊ लागली, म्हणून सहा पेन्स अधिक देऊन त्याला दुसरी पाहावी लागली. वैद्यकाच्या एका सत्राची फी बारा पौंड होती. त्या वेळी तो तेवीस वर्षांचा होता. आज हे वय लहान वाटेल. परंतु त्या काळी स्कॉटलंडमध्ये मुले चौदापंधराव्या वर्षी विद्यापीठात जात, हे ध्यानी घेतले म्हणजे वर्गात तो कसा दिसत असेल याची कल्पना येते.

तो गेला ते अँडरसन कॉलेज. या संस्थेचा इतिहास लिव्हिंग्स्टनच्या चरित्राइतकाच वाचनीय आहे. जॉन अँडरसन हे ग्लासगो विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. विद्यापीठाच्या कारभाराशी त्यांचे पटत नव्हते. १७९६ साली ते वारले, तेव्हा उपयुक्त विद्या सर्वांना मिळेल अशी एक निराळी संस्था काढावी, असे मृत्युपत्र त्यांनी करून ठेविले होते. त्यांच्या मागे पैसा फारसा नव्हता, तरी गावकऱ्यांनी संस्था काढली. तेथील व्याख्यानांना स्त्रियाही बसत. जॉर्ज बर्कबेक नावाचा एक तरुण डॉक्टर तेथे शिकवावयास आला. प्रयोगाची उपकरणे बनवून देणारे कारागीर यंत्राभोवती घोळका करून प्रश्न विचारतात, हे त्याने पाहिले आणि १८०० साली त्याने कारागिरांसाठी फुकट व्याख्याने सुरू केली. पुढे इंग्लंडभर जी कामगार शिक्षणाची मंडळे निघाली, त्यांचे मूळ येथे आहे.

अशा संस्थेत सूतगिरणीतल्या माणसाला दारावर कोणी अडविले नाही. फी एकरकमी भरावी लागत नसे. ज्या विषयाला बसावयाचे त्याची भरावयाची. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वैद्यकाचे मुख्य सत्र हिवाळ्यात असे. एप्रिलात सत्र संपले की लिव्हिंग्स्टन ब्लँटायरला परत येई, उन्हाळाभर गिरणीत काम करी आणि पुढच्या हिवाळ्याची फी जमवी. कोणाकडून एक छदाम न घेता आपण शिकलो, याचा त्याला अभिमान होता, आणि तो रास्त होता. परंतु तेच सत्र जर बारमाही असते, तर तो अभिमान बाळगण्याची वेळ त्याच्यावर आली नसती, असे मला वाटते.

रसायनशास्त्राचा शिक्षक म्हणून एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. अँडरसन कॉलेजात त्या वर्षी रसायन शिकवीत होते ते टॉमस ग्रॅहॅम. वायूंच्या विसरणाचा जो नियम मी या शाळेत वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिला, तो यांचाच. त्यांचे साहाय्यक जेम्स यंग यांच्या खोलीत एक कामाचे बाक आणि चरक होता. तेथे लिव्हिंग्स्टन हत्यारे चालवावयास शिकला आणि दोघांचा जन्माचा स्नेह जडला. पुढे खनिज तेलाच्या धंद्यात यंग श्रीमंत झाले आणि या मित्राच्या प्रवासांना त्यांनी सढळ हाताने मदत केली. वर्गात मोठ्या वयाचा विद्यार्थी असला की तो शिक्षकाचा आणि साहाय्यकाचा बरोबरीचा मित्र होऊ शकतो, हा अनुभव आपल्यापैकी काहींना असेल.

नोव्हेंबर १८४० मध्ये तो ग्लासगोच्या वैद्य-शल्यवैद्यांच्या मंडळाची परीक्षा उतरला. त्या परीक्षेत स्टेथोस्कोपच्या उपयोगाविषयी परीक्षकांशी त्याचा मतभेद झाला आणि त्यापायी नेहमीपेक्षा लांब व कडक तपासणीला तोंड द्यावे लागले. बाहेरचे जग पाहून आलेला विद्यार्थी परीक्षकाला सोयीचा नसतो, याचा हा एक नमुना.

त्याच्या पुढील आयुष्यात मी शिरणार नाही. धर्मप्रसार आणि साम्राज्य यांच्याशी त्या आयुष्याची जी गुंतागुंत आहे, तिच्याविषयी मतभेद आहेत व असावेत. परंतु महाराष्ट्राशी असलेला एक धागा सांगितला पाहिजे. १८६४ साली तो आपली छोटी आगबोट घेऊन मुंबईस आला होता. अखेरच्या प्रवासाला निघताना त्याने नाशिकजवळच्या शरणपूर येथील शाळेतून नऊ तरुण बरोबर घेतले. गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेली आफ्रिकन मुले तेथे शिकत असत. त्याच शाळेत शिकलेला जेकब वेनराइट १८७२ साली मागाहून त्याला जाऊन मिळाला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा त्याचे हृदय जेथे पुरले, त्या झाडावर या वेनराइटने लेख कोरला. पार्थिव इंग्लंडला पोहोचले, तेव्हा सिंहाच्या हल्ल्यात पूर्वी मोडलेल्या दंडाच्या हाडावरून शल्यवैद्यांनी ते ओळखले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत ते नेले, त्या वेळी शवपेटीच्या मानकऱ्यांत नाशिकचा हा विद्यार्थी होता.

लिव्हिंग्स्टनला दार सापडले. एलिझाबेथ ब्लॅकवेल हिला ते शोधावे लागले. वडिलांच्या मृत्यूनंतर अमेरिकेत तिच्या घरच्यांनी शाळा काढून चरितार्थ चालविला. तीही शिक्षिका झाली. चोविसाव्या वर्षी ती नॉर्थ कॅरोलायनातील ॲशव्हिल येथे संगीत शिकवू लागली, ते मुख्यतः फीचा पैसा साठविण्यासाठी. त्या शाळेचे चालक जॉन डिक्सन हे धर्मोपदेशक होण्यापूर्वी डॉक्टर होते. त्यांच्या कपाटातील वैद्यकाचे ग्रंथ तिने शिकवणीचे तास संपल्यावर वाचून काढले. पुढे चार्ल्सटनला त्यांच्या डॉक्टर बंधूंच्या देखरेखीखाली तोच क्रम चालला. दिवसा पियानो आणि पहाटे व रात्री वैद्यक. १८४७ साली ती फिलाडेल्फियास गेली. एकामागून एक महाविद्यालयाने तिला नकार दिला. जिनिव्हा नावाच्या न्यूयॉर्क राज्यातील लहानशा महाविद्यालयाने निर्णयाची जबाबदारी विद्यार्थ्यांवर ढकलली आणि विद्यार्थ्यांनी अर्धी थट्टा समजून एकमुखाने होकार दिला. २३ जानेवारी १८४९ रोजी ती पदवीधर झाली. ज्या फिलाडेल्फियात तिला जागा मिळाली नाही, त्याच शहरात १८५० साली स्त्रियांचे वैद्यक महाविद्यालय निघाले आणि तेथूनच आपल्या आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या.

आल्बर्ट श्वाइट्झर यांची अडचण आणखी निराळी होती. १९०५ साली तिसाव्या वर्षी त्यांनी वैद्यक शिकण्याचे ठरविले, तेव्हा ते स्ट्रासबुर्ग विद्यापीठात ईश्वरविद्येचे अध्यापक होते, चर्चमध्ये प्रवचने करीत होते आणि ऑर्गनवादक म्हणून त्यांची ख्याती होती. वैद्यक शाखेच्या प्रमुखांना त्यांचा बेत ऐकून, यांना मनोरुग्णांच्या वैद्याकडे पाठवावे की काय, असे वाटले. खरी अडचण नियमाची निघाली. विद्यापीठाचा अध्यापक विद्यार्थी म्हणून नाव नोंदवू शकत नव्हता. आणि पाहुणा म्हणून वर्गात बसणाऱ्याला परीक्षा देता येत नव्हती. प्राध्यापकांनी हजेरीचे दाखले दिल्यास परीक्षेस बसू द्यावे, अशी तोड शासनाने काढली. सहकाऱ्यांनी आपल्या तासांची फी माफ केली.

त्यानंतरची काही वर्षे आपण थकव्याशी झगडत काढली, असे श्वाइट्झर यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. पंचविशीच्या आतल्या मुलांसारखे पाठांतर आता साधत नाही, हे त्यांना शरीरशास्त्राच्या परीक्षेपूर्वी उमगले. तेव्हा विद्यार्थ्यांनी घोकंपट्टीसाठी काढलेल्या मंडळीत ते जाऊन बसले. कोणते प्रश्न विचारतात आणि परीक्षकाला कोणते उत्तर आवडते, हे तेथे कळे. बाखवर मोठा ग्रंथ लिहिणारा हा विद्वान पोरांच्या घोळक्यात बसून प्रश्नोत्तरे घोकतो आहे, हे चित्र मला त्यांच्या लांबारेनेच्या छायाचित्रांहून अधिक आवडते. १९११ अखेरच्या परीक्षेची फी त्यांनी म्यूनिक येथे ऑर्गन वाजवून मिळालेल्या मानधनातून भरली.

मात्र या काळात अमेरिकेत वारे फिरले होते. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते. लुईव्हिल येथील शाळामास्तर होते. अमेरिका व कॅनडातील १५५ वैद्यक महाविद्यालये त्यांनी पाहिली. कित्येक ठिकाणी प्रयोगशाळा नाही, रुग्ण नाहीत, फी दिली की प्रवेश, असा प्रकार होता. नोकरी करणाऱ्यांसाठी रात्री चालणाऱ्या वैद्यकशाळाही होत्या. फ्लेक्सनर यांनी या सर्वांवर झोड उठविली. गरीब मुलांचे काय होणार, या आक्षेपालाही त्यांनी उत्तर दिले: गरीब मुलाचे नाव पुढे करून वाईट शाळा वाचविल्या जात आहेत.

शिक्षक या नात्याने मला हा युक्तिवाद अर्धा पटतो. ज्याने शवविच्छेदन केले नाही त्याच्या हाती रुग्ण देऊ नये, हे खरेच. पण पुढील दहा वर्षांत जी महाविद्यालये बंद पडली, त्यांच्याबरोबर रात्रीचे वर्गही संपले. कृष्णवर्णीयांच्या सात वैद्यकशाळांपैकी लवकरच दोनच उरल्या. वाईट शाळेच्या जागी नोकरदाराला परवडेल अशी चांगली शाळा काढावी, हे काम त्या अहवालाने कोणाच्याही माथी टाकले नाही.

आपल्या देशात हाच प्रश्न थोड्या निराळ्या रूपाने आला. इंग्रजी अमदानीत पदवीची महाविद्यालये आणि कमी मुदतीच्या, कमी खर्चाच्या वैद्यकशाळा अशा दोन पायऱ्या होत्या. दुसऱ्या प्रकारची शाळा आपल्या इंदुरात १८७८ साली निघाली आणि पुढे ती किंग एडवर्ड मेडिकल स्कूल म्हणून ओळखली गेली. अशाच पायरीवरून कलकत्त्यात हेमवती सेन डॉक्टर झाल्या. लहानपणीच वैधव्य आलेल्या या बाईंनी काशीत शिक्षिकेची नोकरी केली, पुनर्विवाहानंतर संसार सांभाळीत कॅम्बेल मेडिकल स्कूलचा अभ्यास पुरा केला आणि १८९४ साली त्या उत्तीर्ण झाल्या. चुंचुड्याच्या स्त्रियांच्या रुग्णालयाचा भार त्यांनी पुढे वाहिला.

१९४६ साली सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल आला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले भोर आपल्याला तसे जवळचे. देशात एकाच दर्जाचा, पदवीधर डॉक्टर असावा आणि कनिष्ठ पायरी बंद करावी, असे या समितीचे म्हणणे पडले. डॉक्टरांचा तुटवडा पाहता ती पायरी निदान काही काळ ठेवावी, असे भिन्न मत काही सदस्यांनी नोंदविले होते. ते मागे पडले. १९४८ साली इंदुरात महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याचा आपणांस योग्य अभिमान आहे. मात्र हा सारा अभ्यासक्रम बारमाही आणि पूर्ण वेळेचा.

वयाचे काय? ज्यांना वयाची अडचण वाटते त्यांनी सिसिली साँडर्स यांचे चरित्र पाहावे. ऑक्सफर्डमधील शिक्षण सोडून त्या परिचारिका झाल्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटले, तेव्हा रुग्णालयातच सामाजिक कार्यकर्त्या झाल्या. मरणोन्मुख रुग्णांच्या वेदनांवर काम करावयाचे तर आधी डॉक्टर हो, नाहीतर तुझे कोणी ऐकणार नाही, असा सल्ला नॉर्मन बॅरेट या शल्यवैद्यांनी त्यांना दिला. १९५१ साली, तेहतिसाव्या वर्षी, त्या सेंट टॉमस रुग्णालयाच्या वैद्यकशाळेत दाखल झाल्या आणि १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर हे शुश्रूषालय काढले. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती अवेदना आश्रम सुरू झाला, तो याच चळवळीचा भारतातला पहिला अंकुर. परिचारिका म्हणून रात्रपाळीत जे पाहिले, ते विसाव्या वर्षी वैद्यक शिकलेल्या कोणाला दिसले असते, याविषयी मला शंका आहे.

असे असता २०१८ साली आपल्याकडे वैद्यकाच्या प्रवेश परीक्षेला वयाची कमाल मर्यादा लागू करण्यात आली: सर्वसाधारण वर्गाला पंचवीस वर्षे, राखीव वर्गाला तीस. प्रकरण न्यायालयांत गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशामुळे अधिक वयाच्या उमेदवारांना परीक्षेस बसता येऊ लागले, पण टांगती तलवार राहिलीच. मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ती मर्यादा काढून टाकली. नोव्हेंबर २०२३ मध्ये आणखी एक निर्णय झाला. बारावीला जीवशास्त्र न घेतलेल्यांनी तो विषय मागाहून जादा म्हणून दिला, तरी तो ग्राह्य धरावयाचा. ज्याने सोळाव्या वर्षी गणित निवडले आणि अठ्ठाविसाव्या वर्षी ज्याला रुग्णसेवेची ओढ लागली, त्याच्यासाठी हा निर्णय लहान नव्हे.

हे दोन अडसर गेले तरी वाट सोपी झाली असे नाही. २०२४ साली या परीक्षेस सुमारे २३ लाख उमेदवार बसले. त्यांतील बहुसंख्य दिवसभर शिकवणीवर्गात बसणारी मुले. जो दुकानावर किंवा कचेरीत दिवस काढतो, त्याला भौतिकी, रसायन आणि जीवशास्त्र यांची उजळणी रात्रीच करावयाची आहे. प्रवेश मिळालाच, तर साडेचार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष रुग्णालयातील उमेदवारी. एवढ्या काळात नोकरी सोडावी लागणार; घर कोणी चालवावयाचे, हे कोणत्याच नियमावलीत नाही. तयारी करणाऱ्याने पुस्तकांइतकाच या हिशेबाचा विचार आधी करावा, असे मी माझ्याकडे येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना सांगतो. तिघेजण गेल्या दोन वर्षांत आले: एक औषधाच्या दुकानात आहे, एक परिचारिका आहे, एक बँकेत.

ब्लँटायरच्या गिरणीमालकाला १८२३ साली रात्रीची शाळा चालविणे परवडत होते. जोतिराव फुल्यांनी १८५५ साली पुण्यात स्वतःच्या घरी शेतकरी व कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेला मात्र सायंकाळी साडेपाचला कुलूप लागते. माजी विद्यार्थी मंडळाने आठवड्यातून निदान तीन रात्री ग्रंथालय आणि प्रयोगशाळा साडेसातपासून दहापर्यंत उघडी ठेवण्याची व्यवस्था करावी, असा प्रस्ताव मी कार्यकारी मंडळाकडे लेखी दिला आहे. विजेचा आणि शिपायाच्या जादा कामाचा खर्च त्यात मांडला आहे. रसायन मी शिकवीन. जीवशास्त्रासाठी आणि भौतिकीसाठी दोन निवृत्त शिक्षकांना विचारले आहे, त्यांनी होकार दिला आहे.